चूलबंद आवतन

निवडणूक आली की आमच्या गल्लीचा वॉर्ड बदलतो. गल्ली मात्र जिथल्या तिथेच असते. तोच नाला, तीच रेशन दुकानाची ओल आलेली भिंत, विहारासमोर तोच निळा झेंडा. पण कुणीतरी नकाशावरची रेघ इकडची तिकडे सरकवतं आणि आम्ही झोपेतून उठून दुसऱ्याच पार्षदाचे, म्हणजे नगरसेवकाचे, झालेले असतो. एकदा तर रेघ थेट गल्लीच्या मधून गेली. समोरच्या घरापुढचा दिवा गेला तर एकाकडे जायचं आणि माझ्या दारापुढचा गेला तर दुसऱ्याकडे. मी म्हणायची, आखा बापा, किती रेघा आखायच्या त्या आखा. आम्ही काही हलत नाही.

आमची वस्ती कैंप वन, आणि कैंप हे नावच मुळी हलणाऱ्या माणसांसाठी ठेवलेलं. भिलाईचा पोलादाचा प्लांट उभा होत होता तेव्हा तो उभारणाऱ्या मजुरांना राहायला ही वस्ती बसवली. काम संपलं की माणसं जातील असाच हिशेब असणार. माझे सासरे भंडाऱ्याकडून डोक्यावर ट्रंक घेऊन आले आणि इथेच राहिले. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याच प्लांटमध्ये क्रेन चालवली आणि तो तिथूनच रिटायर झाला. माझी मुलगी या गल्लीत चालायला शिकली. तीन पिढ्या झाल्या, तरी लोक विचारतात, "अच्छा, कैंप में रहते हो?" आणि विचारताना नाक थोडं वर जातं. ते नाक मला लांबूनही ओळखू येतं.

भिलाईत माणूस कुठे राहतो यावरून त्याची किंमत ठरते. रेल्वे रुळांच्या पलीकडे टाउनशिपचे सेक्टर. तिथे झाडांच्या रांगा आणि नळाला दिवसभर पाणी. हायवेच्या कडेला दुर्गच्या बाजूने नेहरू नगर. तिथे स्वतःचे बंगले, कोचिंग क्लासच्या पाट्या, काचेची दुकानं. नंदिनी रोडने उत्तरेला गेलं की जामुल, सिमेंटच्या कारखान्याचं गाव. ते तर आमच्या हद्दीतही नाही, त्यांची पालिका वेगळी. माझी धाकटी बहीण तिथे दिली आहे. या सगळ्यांच्या मधोमध आम्ही, दाटीवाटीने. बाजार आमच्याकडे, गर्दी आमच्याकडे, आणि नाव ठेवायलाही आम्हीच.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा याच नावावरून आमच्या घरात जुंपली.

मुलगी पुण्याला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. मुलगा रायपूरचा, आमच्याच बौद्ध समाजातला, त्याचे वडील रेल्वेत होते. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, आम्हाला नंतर कळवलं. माझी काही तक्रार नव्हती. पण लग्न कुठे करायचं हेही तिने परस्परच ठरवलं. माझे धाकटे दीर नेहरू नगरला राहतात, घर बांधून तिकडे गेले. त्यांना फोन करून तिने तिथलाच एक हॉल धरायला लावला. एसी हॉल, बाहेर कारंजं, आत पांढऱ्या खुर्च्यांना मागे फितीची फुलं. जेवण त्यांच्याच कॅटररचं, ताटं मोजून.

"आपल्या गल्लीतले लोकं किती येतील मंग?" मी फोनवर विचारलं.

"हर घरातून दोन जण बोलव ना आई. बस."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "होऊ दे वो पोरीच्या मनासारखं. कावून तणतण करतं?" त्याला भांडण जमत नाही. आयुष्यभर क्रेनच्या केबिनमध्ये उंचावर एकटा बसलेला माणूस. मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून दोन दिवस माझ्या हातून भांडी जरा जोरातच आपटली गेली.

मग एका रविवारी सकाळी नवऱ्याने पांढरा शर्ट घातला आणि तो गल्लीत लग्न सांगायला निघाला. घरटी दोन माणसं, हॉल नेहरू नगरला, एवढंच सांगायचं होतं. परत आला तो जेवायच्या वेळेला. घराघरातला चहा पिऊन पोट तट्ट झालेलं, पण चेहरा पार उतरलेला. खाटेवर बसून चपलांकडे पाहत राहिला.

"काय झालं वो?"

"काई नाई."

"काई नाई तं तोंड असं कावून?"

चपला खाटेखाली सरकवत तो हळूच म्हणाला, "चूलबंद सांगून आलो."

"कोणाले?"

"साऱ्याइले. पहिल्या घरी तोंडातून निघून गेलं. मंग दुसऱ्या घरी येगळं कसं सांगू? माह्या बापानं असंच सांगतलं, मीबी साऱ्या जनमात असंच सांगतलं. दुसरं येतच नाई मले."

विदर्भातल्या माणसाला चूलबंद आवतन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. लग्नाच्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही. म्हातारे, लेकरं, घरी आलेला पाहुणा, वर भाड्याने राहणारा, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. यात मोजणी नसते. एकदा चूलबंद सांगितलं की त्या घरच्या प्रत्येक तोंडाची जबाबदारी तुमची. भंडारा-गोंदियाकडून आलेल्या आमच्या माणसांनी ही रीत इथे आणली, आणि पुढे गल्लीतल्या छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया, बिहारी सगळ्यांनीच ती उचलली. आमच्या शेजारची छत्तीसगढी म्हातारी मराठीचा एक शब्द बोलत नाही, पण चूलबंद तिला पक्कं कळतं. त्याच संध्याकाळी ती दारात येऊन मला म्हणाली, "बहू, हमर घर के चूल्हा घलो बंद रही न?" आमच्याही घरची चूल बंद राहील ना, असं. खात्री करून घेत होती बिचारी.

"बंद रही काकी," मी म्हटलं. "सबके बंद रही."

आणि मला हसू फुटलं. नवऱ्याने जे केलं ते करायची मला कितीतरी दिवसांपासून इच्छा होती. त्याच्या जिभेने माझं काम केलं होतं. चूलबंद मागे घेता येत नाही. मागे घ्यायचं म्हणजे एकेका दारात जाऊन सांगायचं की तुमच्यातली दोघंच या, बाकीच्यांसाठी घरी पेटवा. मेले तरी सांगणार नाही, मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दीर आले. त्यांची मोठी गाडी गल्लीत शिरत नाही, ती तोंडाशीच उभी करून चालत आले.

"वहिनी, दादाचं सोडा, तुमी तरी समजून घ्या. हॉलमधी एवढे लोकं मावत नाईत. साऱ्याइले सांगून द्या का गलती झाली."

"भाऊजी, तुमच्या लग्नाचा मांडव कुठी होता?"

ते हातातली गाडीची किल्ली चाळवू लागले.

"सांगा ना. कुठी होता?"

"इथीच."

"अन् या गल्लीत किती चुली पेटल्या होत्या त्या दिवशी?"

"वहिनी, तो जमाना येगळा होता."

"जमाना येगळा अन् पोट येगळं नाई," मी म्हटलं. "हॉल सोडून द्या. मांडव गल्लीत पडंल."

दीर वाईट माणूस नाहीत. तिकडे जाऊन त्यांनी पुष्कळ कमावलं, आमच्या अडीअडचणीला धावूनही येतात. फक्त त्यांना वाटतं की कैंप ही चढून मागे टाकायची पायरी आहे. मला ते कधीच पटलं नाही. चहा न पिताच ते गेले.

मुलगी सुट्टी काढून आली ती रागावूनच. बॅगही उघडली नाही.

"आई, माह्या ऑफिसचे लोकं येऊन राहिले. त्याइले काय सांगू? रस्त्यावर बसा?"

"हो, बसू दे. रस्ता आपला आहे. धुऊन ठेवू."

"मी त्याइले नेहरू नगर सांगितलं आहे."

"कावून सांगितलं?"

मग ती मराठीतून हिंदीत गेली. लहानपणापासून तिचं असंच आहे, खूप दुखलं की हिंदीत बोलते. "तू समझती नहीं है आई. कैंप बोलो तो लोग पहले जात सोचते हैं. मैंने सुना है, तूने नहीं."

आणि तिने सांगितलं. शाळेत असताना ती टाउनशिपमधल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. कुठे राहतेस म्हणून त्या मुलीच्या आईने विचारलं आणि हिने कैंप म्हटलं. मग आडनाव विचारलं. सगळ्या मुली स्वयंपाकघरात केक पाहायला गेल्या तेव्हा ती बाई हिला म्हणाली, बेटा, तुम यहीं बैठो. ही बाहेरच्या खोलीत बसून राहिली. केक तिला तिथेच आणून दिला, कागदाच्या प्लेटमध्ये. इतरांना स्टीलच्या होत्या.

इतकी वर्षं हे तिने पोटात ठेवलं होतं. त्या दिवशी घरी येऊन माझ्या हातची भाकर खाल्ली असेल, अभ्यास केला असेल, आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. मला भयंकर संताप आला. त्या बाईचं घर मला ठाऊक नाही हे बरंच आहे.

"म्हणूनच," मी म्हटलं. "म्हणूनच मांडव गल्लीत पडंल. त्या बाईनं तुले बाहेर बसवलं, आन् तू आता या लोकाइले बाहेर बसवशील?"

"वो बात अलग है."

"काई अलग नाई." मी तिला दारात आणून उभी केली. "तुहे बाबा प्लांटमधी भाजले होते, मी दवाखान्यात बसून होते, तवा तू कुठी जेवली? पाह्य तिकडे. त्या हिरव्या दाराच्या घरी. मंग काकीच्या घरी. मंग त्या तेलुगूवाल्याइच्या घरी, त्याइचं तिखट खाऊन रडली होती तू. त्याइनं तुले मोजलं होतं का? माही चूल बंद होती तवा साऱ्या गल्लीनं आपली पेटवली. आता त्याइले म्हणू का दोघंच या?"

तिने सगळ्या दारांकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठीक आहे. करा तुमाले जे करायचं ते," आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी भांडण जिंकलं होतं, पण मला बरं वाटत नव्हतं. लग्न तिचं होतं. तिच्या मनाविरुद्ध मांडव घातला आणि उद्या ती आमच्यापासूनच तुटली तर? ही भीती मला वाटली आणि ती मी कुणाला बोलले नाही. तरी माघार घेतली नाही. त्या बाईच्या कागदी प्लेटपुढे मला मान खाली घालायची नव्हती.

रायपूरच्या व्याह्यांना फोन केला तर ते म्हणाले, "आमाले का जी, वरात जिथी म्हणान तिथी आणतो."

आता अडचण मांडवाची. आधी गल्लीत मांडव म्हणजे सोपं काम, सब्बल घेऊन खड्डे करायचे आणि बांबू रोवायचे. पण गल्लीचा रस्ता नुकताच सिमेंटचा झाला होता. त्या रस्त्यासाठी आम्ही बाया दोन्ही पार्षदांच्या दारात किती वेळा जाऊन बसलो होतो ते आमचं आम्हालाच माहीत. एकाने म्हणावं अर्धी गल्ली माझी नाही, दुसऱ्यानेही तेच म्हणावं. मग आम्ही दोघांना एकाच दिवशी गल्लीच्या मधोमध बोलावलं होतं. अशा रस्त्याला सब्बल लावायची कुणाची छाती नव्हती, माझीही नाही.

शेवटी गल्लीने मिळून मार्ग काढला. रंगाच्या रिकाम्या बादल्या घराघरातून गोळा झाल्या. जामुलहून माझी बहीण आणि तिचा नवरा सिमेंट घेऊन आले. प्रत्येक बादलीत मधोमध पाइपाचा तुकडा उभा धरायचा आणि भोवती काँक्रीट ओतायचं. ते वाळलं की त्या पाइपात मांडवाचा खांब बसतो, रस्त्याला ओरखडाही नाही. नवरा आणि त्याचे रिटायर झालेले दोस्त तीन-चार दिवस अंगणात बसून बादल्या भरत होते. प्लांट सुटल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते. एकमेकांना शिव्या देत, चहा मागत, पाइप सरळ आहे की नाही ते एक डोळा मिटून पाहत.

मुलगी खिडकीतून बघायची. एकदा कुणीतरी हाक मारून म्हटलं, "ये माय, तुह्याच लग्नाची बादली आहे, हात लाव." ती आली, थोडं काँक्रीट थापीने सारखं केलं आणि हात धुऊन आत गेली.

लग्नाच्या दिवशी गल्ली पहाटेच धुतली गेली. नाल्यावर फळ्या टाकल्या. गल्लीच्या टोकाला तीन दगडांवर मोठमोठे गंज, म्हणजे पातेली, चढले. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, पुऱ्या आणि बुंदी. त्या दिवशी एकाही घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. काकी आपली बंद चूल सारवून, वर रांगोळी काढून आली होती.

मुलीच्या ऑफिसचे पाहुणे आधी मोबाइलवर पाहत नेहरू नगरला पोचले आणि त्या हॉलच्या दारात उभं राहून फोन करू लागले. तिथे त्या दिवशी दुसऱ्याच कुणाचं लग्न होतं. माझे दीर आपली गाडी घेऊन गेले आणि त्यांना घेऊन आले. काय बोलले वाटेत ते मला माहीत नाही, पण गल्लीच्या तोंडाशी उतरवून त्यांना म्हणाले, "ये हमारी गली है. मेरी भी शादी यहीं हुई थी." मी ऐकलं. आणि त्यांना सगळ्यांच्या आधी चहा दिला.

दुपारी विहारासमोरच्या मांडवात त्रिशरण-पंचशील झालं. मुलगी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या झब्ब्यात. मग सिमेंटच्या रस्त्यावर विहारातल्या तरटाच्या टाटपट्ट्या अंथरल्या आणि पंगत बसली. पुण्याच्या पोरी मांडी घालून बसल्या, वांग्याची भाजी परत परत मागून घेतली. सगळ्यांना एकसारख्या पत्रावळी होत्या. मी मुद्दाम पाहत होते.

मुलगी मात्र पूर्ण वेळ हसली ती फोटोपुरतीच. गाडीत बसताना बापाला बिलगून रडली. मला नमस्कार केला, "येते आई" म्हणाली आणि गेली. माझ्या हातात तिच्या हाताचा थंडपणा राहिला. नवरा म्हणाला, निवळंल. मी म्हटलं, निवळो की न निवळो, गल्ली तं जेवली.

असं बोलले खरी, पण मग महिने गेले. रायपूरला त्यांनी एका सोसायटीत फ्लॅट घेतला. तिचा फोन यायचा. बाबाची बीपीची गोळी, माझे गुडघे, तिकडचा उकाडा. घर पाहायला या, असं एकदाही म्हणाली नाही. मी विचारलं नाही. विचारून बोलावणं मागायचं, एवढी मी वाकलेली नाही. रात्री मात्र वाटायचं, आपण त्या बाईला हरवायला निघालो आणि आपलीच पोर हरवून बसलो की काय.

मग एक दिवस भाजी निवडत होते तेव्हा फोन आला.

"आई, रविवारी घरी बुद्धवंदना ठेवली आहे. नवीन घराची."

"बरं. आमी दोघं येतो."

"दोघं कावून?" तिच्या आवाजात माझाच फणकारा होता. "बाबाले सांग, पांढरा शर्ट घालून गल्लीत जाय म्हणा. चूलबंद सांगजो."

माझ्या हातातली वांगी तशीच राहिली. "अवो, सोसायटी आहे तुही. एवढे लोकं..."

"आहे तं आहे. खाली पार्किंगमधी टाटपट्ट्या टाकून राहिली मी. त्या दुकानातल्या नको, आपल्या विहारातल्या आणजो. अन् एक बादली आणजो आई, मी थापी मारली होती ती. झाड लावायचं आहे त्या पाइपात."

"पाइपात झाड लागत नाई वो पागल."

"मंग झेंडा लावीन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी आम्ही दोन मोठ्या बस करून गेलो. काकी खिडकीशी बसली होती. दीर आपली गाडी नेहरू नगरला ठेवून आमच्यातच आले होते. सोसायटीच्या गेटवर गार्डने हात आडवा केला. एकेकजण उतरू लागला तसे त्याचे डोळे मोठे होत गेले.

"अरे, इतने लोग? कौन से फ्लैट में जाना है? कहाँ से आए हो सब?"

मी पुढे झाले. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, आणि बरोबर आणखी दोन-चार शब्दही. पण त्याआधीच ती आतून आली. पदर खोचलेला, हाताला हळद आणि बेसन. वरच्या गॅलऱ्यांमधून लोक वाकून बघत होते. त्यांनाही ऐकू जावं एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "कैंप वन से आए हैं भैया. सब मेरे घर के लोग हैं. गेट पूरा खोलिए."

गार्डने गेट पूर्ण उघडलं. ती आमच्याकडे वळली, काकीचा हात धरला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आई, साऱ्याइनं गॅस बंद केला ना?"